सालारजंगमधली हिरवी ताटं

खानापूरच्या कुंभारकाम शिकणाऱ्या पोरांना घेऊन हैदराबादला गेलो ते सालारजंग संग्रहालयातली चिनी भांडी दाखवायला. हा सगळा पसारा मुख्यतः मीर युसुफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, यांनी जमवलेला. ते 1949 साली वारले आणि 1951 साली त्यांच्याच देवडीत, म्हणजे वाड्यात, संग्रहालय उघडलं. शुक्रवारी बंद असतं. बाराच्या ठोक्याला सगळी गर्दी संगीत घड्याळापुढं जमते, तेव्हा चिनी भांडी निवांत बघून घ्यावीत.

सेलाडॉनच्या, म्हणजे हिरवट काचेरी लेपाच्या, ताटांपाशी पोरं थांबली. विषारी अन्न वाढलं की ताट तडकतं, अशी दंतकथा सांगतात. ग्लेझ म्हणजे हा लेप, शेवटी काच. विष ओळखायचं तिला काय कळणार? अशा ताटांवर जाळी दिसते ती वेगळ्या कारणानं. निवताना ग्लेझ खालच्या मातीपेक्षा जास्त आकसतं आणि चिरतं.

"सर, रंग लोखंडाचा म्हणतासा, मग तांबडं का न्हाई झालं?"

प्रश्न खानापूरच्या कुंभाराला शोभणारा होता. आपल्या मडक्याचा तांबडा रंगही लोखंडाचाच, कारण भट्टीत हवा खेळती असते. सेलाडॉनच्या ग्लेझमध्ये लोखंड एक ते तीन टक्के. ग्लेझ वितळायच्या आधीच, हजार अंशांच्या आसपास, भट्टीची हवा कमी करायची आणि जळण वाढवायचं. अर्धवट जळलेला वायू लोखंडातला प्राणवायू ओढून घेतो, मग हिरवा रंग येतो. हवा घुसली तर पिवळट-तपकिरी. धूर फार लवकर कोंडला तर काजळी ग्लेझखाली अडकते आणि भांडं करडं पडतं.

खरी परीक्षा बुडाशी. चीनमधल्या लुंगछुआनच्या जुन्या सेलाडॉन भांड्यांच्या बुडाला जिथं ग्लेझ नसतं, तिथं माती बऱ्याचदा विटकरी दिसते, कारण भट्टी निवताना उघड्या मातीला परत हवा लागते. म्हणजे एकाच भांड्यावर हिरवं आणि तांबडं, दोन्ही लोखंडाचंच. काचेच्या कपाटात ताट उभं असलं की बूड दिसत नाही; बाजूला जाऊन, वाकून कडेनं बघावं लागतं. पोरांनी तेच केलं, पहारेकरी जरा बावचळला.

परतल्यावर लगेच करून बघायची घाई नको. सेलाडॉनला साधारण 1200 ते 1300 अंशांची आच लागते. आपली तांबडी माती तिथं फुगून बसते. आधी तेवढी आच सोसणारी पांढरी माती, मग ग्लेझ. विजेच्या भट्टीत तर हवा कमी करायचा हा उद्योग करूच नये, तापणाऱ्या तारा खराब होतात.