उडवलेली वजाबाकी

कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, दर बूटला मेमरीत सोडत काढल्यासारख्या वेगळ्या जागी बसवायचा, म्हणजे हल्लेखोराला पत्ता आधीच कळत नाही. याला केएएसएलआर म्हणतात. लिनक्समध्ये एक्स८६ साठी ते २०१४ साली, ३.१४ मध्ये आलं. आमच्या कंपनीच्या जुन्या शाखेतला हा कोड सुटसुटीत करायचं काम माझ्याकडे होतं. मी देवगडला घरून काम करतो. ६२ ओळी उडवल्या. रिव्ह्यू करणाऱ्याने तेवढा आकडा बघितला आणि दहा मिनिटांत मान्यता दिली.

तीन आठवड्यांनी तक्रार आली: मशीन क्वचित 'रूट फाइलसिस्टीम माउंट होत नाही' म्हणून पॅनिक होतं, म्हणजे कर्नल तिथेच थांबतो; परत चालू केलं की सुरळीत. टेस्टिंगवाल्यांनी 'आमच्याकडे घडत नाही' म्हणून दोनदा तिकीट बंद केलं. घडणार कसं? डीबगरमध्ये पत्ते जुळावेत म्हणून त्यांच्या प्रत्येक मशीनच्या कर्नल कमांड लाइनवर 'नोकेएएसएलआर', म्हणजे केएएसएलआर बंद, असं लिहिलेलं. सोडत बंद ठेवून सोडतीची चाचणी!

कर्नल बसायच्या जागा २ एमबीच्या अंतराने असतात. ८ जीबीत अशा चार हजारांच्या आसपास, त्यात वाईट एखादीच. मग व्हर्च्युअल मशीनची मेमरीच २५६ एमबी केली. जागा शंभराच्या घरात आल्या. रात्रभर बूट करत राहणारी स्क्रिप्ट लावली. बाहेर पाऊस नुसता ओतत होता, लाइट दोनदा गेली, इन्व्हर्टरने तारलं. पहाटेपर्यंत सात पॅनिक, आणि सातही वेळा कर्नल एकाच जागी: इनिटआरडीच्या लगेच अलीकडे. इनिटआरडी म्हणजे रूट फाइलसिस्टीम माउंट करण्यासाठी बूटच्या वेळी मेमरीत ठेवलेली फाइल. कर्नलची शेपटी तिच्यावर बसत होती.

मेमरीतल्या मोकळ्या पट्ट्याची सुरुवात २ एमबीच्या पटीत आणायला पुढे सरकवली, की तेवढी लांबी कमी करावी लागते, नाहीतर पट्टा आहे त्यापेक्षा लांब धरला जातो. ती वजाबाकी जुन्या कोडमध्ये होती. मला वाटलं, दोनदा होतेय. वर कॉमेंटही होती, सरळ शब्दांत. ती मी वाचली होती, आणि तीही उडवली.

सकाळी चहा घेताना बाबांनी विचारलं, रात्रभर काय चाललं होतं. बागेत दहा मीटरवर कलमं लावतात, तसं समजावलं. ते म्हणाले, "बांधाकडची जागा सोडलंस, मगे ती लांबीतसून वजा नको?" आणि पेपर उघडला.

ओळ परत घातली, कॉमेंटसकट. टेस्टिंगच्या मशीनवरचं 'नोकेएएसएलआर' काढायचं तिकीट टाकलंय. अजून कोणी उघडलेलं नाही.