काचेआडचं पाणी : आमची वाटचाल

धुळ्यात आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत आमचं दहा बाय बाराचं दुकान. बोर्डावर आधी ‘केबल, बल्ब, मीटर’ असं होतं. घर चालायचं गाड्यांच्या केबलवर. मीटर, म्हणजे मोटरसायकलचा स्पीडोमीटर, आला की काच बदलायची, अडकलेला काटा मोकळा करायचा. पाणी शिरलेलं मीटर आलं की मी सरळ सांगायचो, नवीन टाका.

एका पावसाळ्यात बुलेटवाले एक अण्णा हटून बसले, हेच मीटर पाहिजे. उघडलं, वाळवलं आणि दिसेल त्या फटीत सिलिकॉन भरलं. खालचं बारीक भोकही बुजवलं. फार हुशारी केली असं वाटलं, म्हणून त्या हंगामात तशीच पंधरा-वीस मीटरं दिली. दिवाळीनंतर एकेक परत यायला लागलं. “भाऊ, मीटरमा परत पानी उनं!” अण्णांचं उघडलं तर आत व्हिनेगरसारखा वास आणि बल्बच्या होल्डरची पितळी पट्टी हिरवीगार. आंबट वासाचं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, बंद डबीत ते धातूलाच खातं. अण्णांना नवीन मीटर माझ्या खिशातून गेलं.

ते भोक कंपनीने उगीच ठेवलेलं नसतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा 42-43 वर, जानेवारीत पहाटे 6-7 वर. मीटर तापलं की आतली हवा फुगून बाहेर जाते, गार झालं की बाहेरची आत ओढली जाते. उन्हातून आलेल्या गाडीवर वॉशिंगवाल्याने प्रेशरचा पाइप मारला की हवेबरोबर पाणीही ओढलं जातं. भोक बुजवलं म्हणून ही ओढ थांबत नाही. ती केबलच्या तोंडाकडून, ट्रिपचा आकडा शून्यावर आणायच्या बटणाकडून वाट काढते. आणि आत गेलेली वाफ अडकून बसते. पहाटे काच गार पडली की तिचंच दव.

आता भोक साफ करून त्याचं तोंड खाली राहील असं बसवतो, रबर नवीन टाकतो. वाळवायला लाकडी पेटी आहे. आत बल्ब, थर्मामीटर आणि ओल शोषणारं सिलिका जेल. 50 अंशांवर रात्रभर. घाई केली की काय होतं ते हेअर ड्रायरने वाकवलेली एक प्लास्टिकची काच सांगते, ती काउंटरवरच ठेवली आहे. डिजिटल मीटरची सर्किटची प्लेट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुतो. काचेला पेट्रोल किंवा थिनर लावू देत नाही, प्लास्टिकला बारीक तडे जातात.

गाडी पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर धुकं आपोआप जात असेल तर मीटर न उघडता परत पाठवतो. “आलोच आहे तर किलोमीटर पण कमी करून द्या” म्हणणाऱ्यालाही परतच पाठवतो, आणि असे बरेच येतात.

बोर्डावर आता फक्त ‘मीटर’ आहे. शिरपूर, साक्री, दोंडाईचाचे मिस्तरी एसटीने पार्सल पाठवतात. गेल्या आठवड्यात शिंदखेड्याहून एक आलं. कुणीतरी सांगितलं म्हणून मालकाने चार दिवस दादर ज्वारीच्या कोठीत पुरून ठेवलेलं. काचेवर थेंब तसेच होते. केबलच्या भोकातून पोराने चिमट्याने दोन दाणे काढले आणि काउंटरवर ठेवले, त्या वाकड्या काचेशेजारी.