ग्रीनपासून मागे येत निवडलेला चेंडू

नाशिकजवळच्या एका गोल्फ कोर्सवर मी प्रशिक्षक म्हणून काम करतो. डिसेंबरमधल्या एका सकाळी दिंडोरी तालुक्यातील एक द्राक्षबागायतदार माझ्याकडे आले, ते नवा ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी, घेण्याचे जवळजवळ पक्के करूनच. साठीनंतर हा खेळ शिकलेल्या या गृहस्थांना आम्ही सारे नाना म्हणतो. “सर, दिवाळीपासून चेंडू पुढे जाईना झालाय, आणि ग्रीनवर पडला तर थांबेना झालाय. हात थकले म्हणायचे, की काठी जुनी झाली?” असे त्यांनी विचारले. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीचे अगदी आखूड कापलेले गवत. मी त्यांचे काही फटके पाहिले. स्विंग, म्हणजे काठी फिरवण्याची पद्धत, पूर्वीइतकाच आटोपशीर आणि स्थिर होता, म्हणून मी त्यांना बॅगेतील चेंडू बाहेर काढायला सांगितले.

त्या पिशवीत मुलाने भेट दिलेले तीन थरांचे महागडे चेंडू होते, दुकानातून आणलेले दोन थरांचे टणक चेंडू होते, आणि तळ्यातून काढून पुन्हा रंगवलेलेही काही होते. रंगवलेले चेंडू मी लगेच बाजूला काढले. १९०५ साली इंग्रज अभियंते विल्यम टेलर यांनी चेंडूवरील ज्या खळग्यांच्या रचनेचे पेटंट मागितले, त्या खळग्यांमुळेच चेंडूमागचा हवेचा ओढा कमी होतो. पूर्ण गुळगुळीत चेंडू जेमतेम निम्मे अंतर कापतो. जाड रंगाने खळग्यांच्या कडा बुजल्या, तर तो चेंडू कसा उडेल याचा भरवसा उरत नाही. वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको, या नियमात बसणारे दोन चेंडूही आतून किती निराळे असू शकतात, हे या एका पिशवीत दिसत होते. नाना मात्र जो हाताला लागेल तो चेंडू टीवर, म्हणजे पहिल्या फटक्याच्या छोट्या खुंटीवर, ठेवत असत.

दुसरी गोष्ट बोलता बोलता कळली. त्यांची बॅग रात्रभर अंगणातल्या जीपमध्ये असे. निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात त्या दिवसांत पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. चेंडूचा गाभा रबराचा असतो, आणि थंडीत रबराची उसळी कमी होते. त्यात गार हवा अधिक दाट असल्यामुळे अडथळाही वाढतो. हे नुसते सांगून पटणार नाही असे वाटल्याने मी त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले. एकाच जातीचे काही चेंडू माझ्या खोलीत ठेवले, काही त्यांच्या जीपमध्ये राहू दिले, आणि सकाळी कोणता कुठला हे त्यांना कळू न देता एकाआड एक मारायला दिले. खोलीतले चेंडू पाच-सहा यार्ड पुढे पडत होते. फरक मोठा नव्हता, पण तो सतत एकाच बाजूने दिसत होता, आणि खुणा उघड केल्यावर नाना बराच वेळ त्या चेंडूंकडे पाहत राहिले.

“मग बागेत पेटवतो तशी शेकोटी चेंडूंनाही द्यायची का?” त्यांनी अगदी मनापासून विचारले. तसे करता येत नाही. मुद्दाम तापवून गुणधर्म बदललेल्या चेंडूने फटका मारण्यास गोल्फच्या नियमांची मनाई आहे. चेंडू रात्री घरात ठेवावेत, एवढे पुरेसे असते.

उरला ग्रीनवर न थांबण्याचा प्रश्न, आणि माझ्या मते चेंडूची निवड खरी तिथेच होते. बहुतेक खेळाडू पहिल्या फटक्याच्या जागी उभे राहून चेंडू निवडतात. मी ग्रीनपासून मागे येत निवडायला सांगतो. ड्रायव्हरच्या जोरदार फटक्यात चेंडू गाभ्यापर्यंत दबतो, त्यामुळे तिथे आवरणाचा प्रभाव कमी असतो. वेजच्या, म्हणजे ग्रीनजवळ वापरायच्या काठीच्या, छोट्या फटक्यात मात्र आवरण आणि त्याच्या लगतचा थर एवढेच काम करतात. युरेथेन या मऊ प्लास्टिकचे आवरण आतल्या टणक थरावर दाबले जाऊन क्लबच्या, म्हणजे काठीच्या, पात्यावरील खाचांत पकडले जाते आणि चेंडूला उलटी फिरकी मिळते. आयोनोमर या टणक प्लास्टिकचे आवरण त्या खाचांवरून निसटते. चाळीस यार्डांवरून दोन्ही प्रकार मारून पाहिल्यावर टणक चेंडू ध्वजाच्या बराच पुढे घरंगळत गेले, युरेथेनचे दोन-तीन उसळ्यांत थांबले. दव पडलेले असताना मात्र ओल्या खाचांमुळे फिरकी कमी मिळते, म्हणून प्रत्येक फटक्याआधी क्लब कोरडा करायची सवय मी त्यांना लावली.

“माझा स्विंग मंद, म्हणजे मला मऊ चेंडूच हवा ना?” हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि दुकानदारही तसेच सांगतात. मला ते मान्य नाही. कोणत्याही वेगाच्या फटक्याने चेंडू दबतोच, आणि मंद स्विंगला मऊ चेंडूमुळे अंतर वाढून मिळत नाही. पटरने, म्हणजे ग्रीनवर चेंडू ढकलायच्या काठीने, मारताना तो हाताला सुखद वाटत असेल, तर तेवढ्या कारणाने तो जरूर घ्यावा.

नानांनी ड्रायव्हरचा विचार सोडला आणि मधल्या किमतीचे, तीन थरांचे, युरेथेन आवरणाचे चेंडू घेतले, तेही सगळे एकाच जातीचे. दर भोकाला निराळा चेंडू खेळल्यास चिप, म्हणजे ग्रीनजवळून मारलेला बुटका फटका, किती पळेल याचा अंदाज कधीच बसत नाही, आणि त्यांचा तो अंदाज त्याच आठवड्यात बसू लागला. पावसाळ्यात काय करायचे, हेही त्यांनी विचारून ठेवले. हिरव्या गवतात लवकर दिसावा म्हणून त्याच जातीचा पिवळा चेंडू घ्यायचा, कारण २०१९ पासून शोधायला तीनच मिनिटे मिळतात. फेअरवेच्या, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, ओल्या काळ्या मातीत तो स्वतःच्याच खड्ड्यात रुतला, तर दंड न लागता उचलून, पुसून, शेजारी सोडायचा.