आमची वाटचाल : पानांच्या मांडणीपासून फलजच्या पाण्यापर्यंत

पुण्यातल्या आमच्या छोट्या फर्मचं मूळ काम डीटीपीचं. प्रकाशकाकडून मजकूर आणि चित्रं यायची, आम्ही पानं लावून द्यायचो. यूएई आणि ओमानमधल्या आंतरराष्ट्रीय शाळांची पुस्तकं हाती आली, तसं काम हळूहळू पानांवरून चित्रांकडे आणि चित्रांवरून धड्यांकडे सरकलं.

पहिला टप्पा अरबी अक्षरजुळणीचा. पीडीएफमधून अरबी मजकूर उचलला की अक्षरं सुटी होतात किंवा उलट्या क्रमाने लागतात, म्हणून मूळ वर्ड फाइलच मागायची. इंग्रजी १२ पॉइंट असेल तर शेजारची अरबी साधारण १४ लागते, नाहीतर ती बारीक दिसते. लहान मुलांच्या पुस्तकात स्वरचिन्हं असतात, तिथे ओळींमधलं अंतर वाढवावं लागतं. सगळ्यात फसवे आकडे. अरबी ओळ उजवीकडून चालते, पण संख्या डावीकडून. '१९३०–१९४०' असा कालखंड पानावर उलटा होऊन बसतो आणि स्पेलचेकला ते कळत नाही.

चित्रांत चुका वेगळ्या. एमिराती म्हणजे यूएईतल्या पुरुषांच्या कंदुऱ्याला (पायघोळ झग्याला) कॉलर नसते, गळ्याशी गोंडा लोंबतो. तशाच सौदी झग्याला, म्हणजे थोबला, कॉलर असते. ओमानी माणसाच्या डोक्यावर भरतकामाची कुम्मा टोपी. 'अरब पोशाख' म्हणून एकच नमुना सगळीकडे वापरला, तर तिथला तिसरीतला मुलगाही बोट ठेवतो. लेआउटच्या सोयीसाठी चित्र आडवं उलटवणं आम्ही बंदच केलं आहे. कॉफी वाढताना दल्ला (कॉफीची सुरई) डाव्या हातात आणि फिंजान (छोटा पेला) उजव्या हातात असतं. चित्र उलटलं की यजमान पाहुण्याला डाव्या हाताने पेला देतो, आणि तिथे तो अनादर ठरतो.

धड्यांचं काम सर्वात अवघड, आणि आमच्या मते सर्वात मोलाचं. यूएईत परदेशी अभ्यासक्रमाच्या शाळांनाही अरबी शिकवावी लागते. २०१७ मध्ये नैतिक शिक्षणही आलं. पुस्तकांत स्थानिक वारसा हवा, ही मागणी वाढली आणि बरेच जण इंग्लंडच्या पुस्तकात उंट-खजुराची एक चौकट टाकून मोकळे झाले. त्या चौकटीवर प्रश्न नसतो, म्हणून शिक्षक ती वगळतात. आमची कसोटी एकच: स्थानिक संदर्भ काढून टाकला तर प्रश्न सुटता कामा नये.

फलज म्हणजे जमिनीखालच्या बोगद्यांतून आणि पाटांतून उताराने पाणी आणणारी जुनी व्यवस्था. ओमानचे पाच फलज २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. आम्ही ते अपूर्णांकांच्या धड्यात घेतले. फलजच्या पाण्याचे हिस्से वेळेवर ठरतात. एक 'अथर' साधारण अर्ध्या तासाचा. दिवसा सावलीवरून मोजायचा, रात्री ताऱ्यांवरून. तीन अथरांचा हिस्सा चार भावांत वाटला तर प्रत्येकाला किती मिनिटं? पाऊण अथर, म्हणजे साडेबावीस मिनिटं. इथे चित्र चुकलं तर धडाच कोसळतो. बोगद्याचा उतार अगदी नाममात्र हवा. तीव्र उतारावर पाणी तळ खरवडून काढतं. वरची विवरं पाणी शेंदायला नसतात, ती खोदाईची माती काढायला, हवेला आणि दुरुस्तीला. संभाजीनगरची नहर-ए-अंबरी ही जमिनीखालून पाणी आणणारी जुनी नहर पाहिलेल्या चित्रकाराला हे लगेच उमगतं.

सदू हे यूएईतलं पारंपरिक विणकाम २०११ मध्ये युनेस्कोच्या तातडीने जपायच्या परंपरांत नोंदलं गेलं. भूमितीत परावर्तन सममिती शिकवायला त्याच्यासारखं साधन नाही. पण नमुना खऱ्या पट्टीवरून चौकटीच्या कागदावर उतरवून घ्यावा लागतो. इंटरनेटवरचे 'अरबी डिझाइन' बहुतेक मोरोक्कन फरशीकामाचे असतात.

आखातातल्या जुन्या मोती-व्यवसायाचा धडा विज्ञानात बसला. वेगवेगळ्या छिद्रांच्या पितळी चाळण्यांतून मोती आकारानुसार वेगळे करत. मिश्रण वेगळं करण्याचा हा थेट प्रयोग. पाणबुड्याच्या नाकावर चिमटा, पायाशी दगड, गळ्यात टोपली, वर दोर ओढणारा साथीदार. गॉगल किंवा नळकांडं दिसलं की चित्र परत. ते मोती मुंबईच्या बाजारात येत, आणि दुबईत १९६६ पर्यंत रुपया चालत होता. तिथल्या भारतीय शाळांसाठी इतिहासाचा प्रश्न आम्ही इथूनच काढतो.

चित्र पेन्सिलच्या कच्च्या अवस्थेत असतानाच आम्ही ते त्याच भागातल्या वाचकाला दाखवतो. ओमानचं पान ओमानी शिक्षकाला, एमिरातीला नाही. रंग भरल्यावर कंदुऱ्याचा गळा बदलायचा म्हणजे चित्र जवळपास नव्याने काढायचं. म्हणून या तपासणीचे पैसे आणि वेळ आम्ही पहिल्या कोटेशनमध्येच वेगळे दाखवतो, आणि प्रकाशकाने ती ओळ कापायला सांगितली तर ते काम घेत नाही.