काकूंच्या परसातली टॅगवाली

सप्टेंबर लागला की आमच्या ऑफिसात येणाऱ्या फोनचा सूर बदलतो. अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात, टूसॉन शहराच्या कडेला, डोंगराच्या अंगाला राहणारे लोक एकच तक्रार सांगतात: हमिंगबर्डसाठी टांगलेला साखरपाण्याचा फीडर संध्याकाळी भरलेला असतो आणि सकाळी कोरडा. कुणाला रॅकूनचा संशय, कुणाला शेजारच्या पोरांचा. त्या वर्षी त्यातला एक फोन मराठीत आला. मूळचे सांगलीचे, रिटायर होऊन लेकीजवळ राहायला आलेले एक काका. माझा नंबर त्यांना गणपतीच्या मंडळात मिळाला होता. "अगं, लिटरभर पाणी एका रात्रीत जातं. मुंग्या काय एवढं पितात?"

मुंग्या नव्हेत, हे मला तेव्हाच कळलं. अॅरिझोनात मी वटवाघळांच्या हालचालींची नोंद ठेवते, आणि आमचं मुख्य पात्र म्हणजे लेसर लाँग-नोज्ड बॅट. जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅमचा जीव, लांब जीभ, खाणं मध, पराग आणि निवडुंगाची फळं. वाळवंटातलं वटवाघूळ थंडीत कुठेतरी गारठून पडून राहत असेल असा बहुतेकांचा समज असतो. हे पडून राहत नाही. शीतनिद्रा त्याच्या नशिबात नाही. फुलं संपली की उठायचं आणि जिथे फुलताहेत तिथे जायचं.

एप्रिलच्या सुमारास गाभण माद्या दक्षिणेकडच्या मेक्सिकोतून सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या सोनोरा वाळवंटात येतात. तेव्हा सवारो हा खांबासारखा उंच निवडुंग फुलायला लागलेला असतो. त्याचं फूल रात्री उमलतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतं. मे महिन्यात गुहांमध्ये आणि जुन्या खाणींमध्ये पिल्लं होतात, जून-जुलैत फळं पिकतात. ती संपली की माद्या आणि उडायला लागलेली पिल्लं आग्नेयेकडच्या डोंगरांत घायपाताच्या फुलोऱ्यावर जातात. एक घायपात आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं, त्यामुळे यंदा कुठल्या उतारावर किती दांडे येतील याचा भरवसा नाही. त्यात कोवळे दांडे हरणं आणि गुरं खातात. त्या उन्हाळ्यात मी चाललेल्या उतारांवर दांडे विरळच होते.

तर आम्ही काकांच्या परसात संध्याकाळी मिस्टनेट, म्हणजे वटवाघळं पकडायची बारीक जाळी, लावली. काकूंनी फोल्डिंग टेबलावर पोह्यांची पातेली आणून ठेवली आणि जाळीपासून चार हात लांब खुर्ची टाकून बसल्या. "चावतं का गं ते?"

"चावू शकतं, काकू. आम्ही रेबीजच्या लसी घेतल्यात, हातमोजेही आहेत. तुम्ही मात्र कधीही हात लावायचा नाही, खाली पडलेलं दिसलं तरी."

अंधार पुरता पडल्यावर वटवाघळं आली. फीडरशी क्षणभर थरथरत थांबायचं, जीभ घालायची, निघून जायचं, वळसा घेऊन पुन्हा यायचं. जाळीत पहिलं अडकलं ते दुसऱ्या जातीचं, मेक्सिकन लाँग-टंग्ड, मागे जरासं शेपूट दिसतं त्यावरून ओळखलं. मग आमच्या जातीची एक मादी. कपाळावर आणि खांद्यांवर पिवळे परागकण चिकटलेले. मला हे बघून फार बरं वाटलं, कारण लोकांना वाटतं फीडर मिळाला की ही फुलं विसरतात. ही त्याच रात्री कुठेतरी फुलावर जाऊन मग काकूंकडे आली होती.

सवयीने पाठीवरून स्कॅनर फिरवला आणि तो वाजला. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढा टॅग असतो, त्यात बॅटरी नसते, स्कॅनर जवळ नेला की नुसता नंबर देतो. बरोबरच्या मुलाने लॅपटॉपवर नंबर टाकला. मे महिन्यात, पश्चिमेला सरहद्दीजवळच्या एका वसाहतीत टॅग केलेली. नोंदीत लिहिलं होतं: दूध पाजणारी. जागेचं नाव सांगत नाही, आम्ही कुणालाच सांगत नाही. बघ्यांनी गुहेत गर्दी केली तर वसाहत उठते.

सरळ रेषेत धरलं तरी दीडशे किलोमीटरहून जास्त. या जातीला अंतराचं तसं काही नाही. कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या तिबुरॉन बेटावरच्या माद्या खाण्यासाठी रोज रात्री समुद्र ओलांडून मेक्सिकोच्या सोनोरा राज्याच्या किनाऱ्यावर जाऊन येतात, रात्रीचा प्रवास शंभरेक किलोमीटर. मला विशेष वाटलं ते दुसरंच. मे महिन्यातली बाळंतीण चार महिन्यांनी एका घराच्या परसात, अंगणातल्या दिव्यापासून हातभर अंतरावर उडत होती. मधल्या काळात ती कुठे होती हे टॅग सांगत नाही. आग्नेयेच्या डोंगरांत गेली असावी, घायपात कमी पडल्यावर इकडे वळली असावी. हा माझा अंदाज आहे, अहवालात तो मी अंदाज म्हणूनच लिहिला.

१९८८मध्ये अमेरिकेने ही जात संकटग्रस्त ठरवली तेव्हा हजाराच्या आतच उरलीत असं मानलं जात होतं. २०१८मध्ये यादीतून काढली तेव्हा अंदाज होता दोन लाखांचा. फीडरवर टीका करणारे माझे काही सहकारी म्हणतात की साखरपाण्याने त्यांचं दक्षिणेला जाणं लांबतं. मला ते पटत नाही. निदान या घरात तसं झालं नाही, आणि त्याचा पुरावा स्वयंपाकघरात टांगलेला होता. काकूंनी कालनिर्णयवर रोज सकाळी फीडरची पातळी लिहिली होती: रिकामा, रिकामा, अर्धा, रिकामा. ऑक्टोबरच्या मध्यापासून ओळीने भरलेला. साखरपाणी तेच, फीडर तोच, आणि प्यायला कुणी नाही.

पानांचे फोटो काढून घेतले. पुढच्या वर्षी नोंद जुलैपासूनच सुरू कराल का, असं विचारलं, म्हणजे घायपात फुलायच्या आधी कुणी येतं का तेही कळेल. काका लगेच हो म्हणाले. काकू म्हणाल्या, "करते की. साखर मात्र तू आणायची."