गेली का गाडी?

अमेरिकेत मी राहते त्या विचिटा शहराची वस्ती चार लाखांच्या आसपास आहे. मोठा विमानतळ आहे, विमानांचे कारखाने आहेत, पण प्रवासी गाडी एकही नाही. शेवटची गाडी ऑक्टोबर १९७९ मध्ये गेली. अण्णांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना. सोलापूर डिव्हिजनला गार्ड म्हणून नोकरी झालेला माणूस. त्या पदाला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्या रेल्वे लाइन्सच्या घरात अजून गार्डच.

"रूळ उखडले काय गं?"

"नाही अण्णा, रूळ आहेत. मालगाड्या चालतात की."

"मग?"

या 'मग'चं उत्तर फोनवर देता आलं नाही. दिवाळीला सोलापूरला आले तेव्हा दोन संध्याकाळी त्यावर गेल्या. तेच इथे लिहितेय, कारण अण्णांचे प्रश्न तुमचेही असतील.

विचिटापासून चाळीस किलोमीटरवर न्यूटन नावाचं गाव आहे. शिकागोहून लॉस एंजेलिसला जाणारी 'साउथवेस्ट चीफ' तिथे रात्री पावणेतीनच्या सुमारास येते. मागच्या उन्हाळ्यात मी तिने अल्बुकर्कीला गेले. फलाटावर वीस-पंचवीस माणसं होती. त्यात आमिश लोकांचं एक कुटुंब होतं. हे लोक मोटार चालवत नाहीत, विमानात बसत नाहीत. बायकांच्या डोक्यावर टोप्या, एका पोराच्या मांडीवर कापडात बांधलेला डबा. माझ्या पिशवीत आईने कुरियरने पाठवलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी. पलीकडच्या बाकावरच्या आजी दवाखान्याचं काम आटोपून घरी निघाल्या होत्या. त्यांच्या गावाहून विमानतळ कित्येक तासांवर, आणि एवढ्या लांब गाडी चालवणं आता त्यांना झेपत नाही. गाडी आली, दुमजली डबे, पायरीशी छोटं स्टूल ठेवून कंडक्टरने आजींचा हात धरला. त्या डब्यांतले कित्येक १९८० च्या आसपास बनलेले आहेत.

अण्णांनी विचारलं, "रूळ कुणाचे?"

खरी मेख तिथेच आहे. पूर्वी तिकडे प्रवासी गाड्या खासगी कंपन्याच चालवत. रस्ते झाले, विमानं आली, टपालाचं काम गेलं, तोटा वाढला. मग १९७० मध्ये कायदा झाला आणि १ मे १९७१ ला सरकारी पैशावर चालणारी प्रवासी रेल्वे कंपनी अ‍ॅमट्रॅक सुरू झाली. कंपन्यांची प्रवासी गाड्यांतून सुटका झाली, रूळ मात्र बहुतेक त्यांच्याकडेच राहिले. अ‍ॅमट्रॅकचे स्वतःचे रूळ मुख्यतः बोस्टन ते वॉशिंग्टन या पट्ट्यात. बाकी देशभर ती दुसऱ्याच्या लाइनवर धावते. प्रवासी गाडीला आधी वाट द्यायची असा कायदा आहे, पण मालगाड्या आता इतक्या लांब झाल्यात की कित्येक ठिकाणी लूपमध्ये, म्हणजे गाडी बाजूला थांबवायच्या जोडरुळावर, मावतच नाहीत.

"म्हणजे पॅसेंजरलाच लूपला टाकायची," अण्णा म्हणाले. त्यांना नकाशा काढून दाखवावा लागला नाही. सिंगल लाइनवर क्रॉसिंगसाठी काढलेल्या रात्री त्यांच्या अंगात मुरल्या आहेत.

दुसरा प्रश्न पैशाचा. कायद्याने अ‍ॅमट्रॅक ही नफ्यासाठी चालणारी कंपनी आहे, आणि आजवर एकाही वर्षी तिला निव्वळ नफा झालेला नाही. पैसा सरकार देतं, तोही वर्षावर्षाच्या मंजुरीने. २००६ च्या अर्थसंकल्पात तर बुश सरकारने तिच्यासाठी शून्य रक्कम सुचवली होती. उलट २०२१ च्या कायद्याने तिला थेट २२ अब्ज डॉलर दिले. ज्या गाडीचा डबा चाळीस वर्षं चालवायचा, तिला पुढच्या वर्षीची खात्री नाही, हे मला कधीच पटलेलं नाही. २०२४ च्या आर्थिक वर्षात तिने ३ कोटी २८ लाख प्रवासी नेले. तिकडचा तो तोवरचा विक्रम. आपल्याकडे दोन दिवसांत त्याहून जास्त लोक गाडीत चढतात.

अण्णा उठले आणि कपाटातून एक जुनं तिकीट घेऊन आले. आठवतंय ना, २०१६ पासून तिकिटावर छापून यायचं, की रेल्वे प्रवासखर्चाच्या सरासरी ५७ टक्केच वसूल करते. ते वाक्य त्यांना फार लागलं होतं. "हायवेवर अशी पाटी बघितलीस कधी? पुण्याला जाताना रस्त्याचा किती खर्च वसूल झाला, कुणी लिहून देतं का? गाडीत बसणाऱ्यालाच तेवढं ऐकवायचं." तिकडच्या संसदेत इतकी वर्षं जे भांडण चाललंय, त्यात मला याहून नेमकं काही ऐकायला मिळालेलं नाही.

मग मी त्यांना डेव्हिड गनची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे सावरलेला, रेल्वेतच आयुष्य गेलेला माणूस. २००२ मध्ये अ‍ॅमट्रॅकचा प्रमुख झाला तेव्हा गाड्या बंद पडायची वेळ आली होती. त्याने कर्ज मिळवलं, नवी स्वप्नं बाजूला ठेवली आणि आहे ते दुरुस्त करायला घेतलं. नोव्हेंबर २००५ मध्ये संचालक मंडळाने त्याला काढलं. ते मंडळ राष्ट्राध्यक्ष नेमतात. पुढे विमान कंपनी चालवलेले रिचर्ड अँडरसन आले. २०१८ मध्ये त्यांच्या काळात साउथवेस्ट चीफच्या मधल्या टप्प्यात, डॉज सिटी ते अल्बुकर्की, बस चालवायचा बेत निघाला. माझ्या डब्यातल्या आजी त्याच पट्ट्यातल्या. त्या भागातल्या राज्यांनी आणि गावांनी रुळांच्या दुरुस्तीसाठी आपल्या पदरचे पैसे घातले होते. शेवटी सिनेटने ९५ विरुद्ध ४ मतांनी बस अडवली. दोन्ही पक्षांचं एकमत व्हावं असा विषय तिकडे क्वचित निघतो. मार्च २०२५ मध्ये आणखी एक प्रमुख, स्टीफन गार्डनर, पायउतार झाले. सरकारचा कंपनीवर विश्वास राहावा म्हणून, असं त्यांच्या निवेदनात होतं. त्याच महिन्यात इलॉन मस्क म्हणाले होते, हिचं खासगीकरण करा.

"खासगी होतीच की आपल्याकडं," अण्णा म्हणाले. बार्शी लाइट. १८९७ मध्ये विलायती कंपनीने बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत नॅरोगेज टाकली. ती पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. १९५४ मध्ये सरकारने ताब्यात घेतली, आणि तिचं ब्रॉडगेज व्हायला त्यानंतर निम्मं शतक गेलं. वारकऱ्यांच्या तिकिटावर एवढा खर्च कुठली कंपनी करणार होती?

राज्यांच्या वाट्याचंही त्यांना लगेच समजलं, कारण सोलापूर–तुळजापूर–धाराशिव मार्गाचा निम्मा भार महाराष्ट्राने उचललाय. अमेरिकेत ७५० मैलांच्या आतल्या मार्गांचा खर्च राज्यांनी करायचा असा नियम आहे. ओक्लाहोमा सिटीहून फोर्ट वर्थला जाणारी 'हार्टलँड फ्लायर' त्यातलीच. २०२५ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने आपला वाटा दिला नाही, तेव्हा तिथल्या स्थानिक संस्थांच्या परिषदेने पैसे घालून गाडी वाचवली. ही गाडी विचिटावरून न्यूटनपर्यंत आणायची योजना आहे. झाली तर १९७९ नंतर पहिल्यांदाच आमच्या शहरात गाडी येईल. त्या योजनेच्या प्रत्येक जाहीर बैठकीला मी जाते.

निघायच्या आदल्या दिवशी अण्णांनी न्यूटनची वेळ डायरीत लिहून घेतली. तिकडचा उन्हाळा असला तर पावणेतीन म्हणजे आपल्या दुपारचा सव्वा. आता रोज जेवण झालं की ते मोबाइलवर चीफ कुठवर आली ते बघतात. माझी पहाट व्हायच्या आत त्यांचा मेसेज येऊन पडलेला असतो: "न्यूटन सुटली. दहा मिनिटं लेट."