सोयाबीनचं पान दुपारी वळतं: सप्टेंबरच्या नोंदी

पोळा झाला आणि पावसानं ओढ दिली. आमच्या वावरात धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, एका अंगाला सोयाबीन, दुसऱ्या अंगाला पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. जमीन तीच काळी, ऊन तेच. पानांचे कोन मोजायला याहून चांगली जोडी मिळाली नसती.

कोनमापकाला ओळंबा बांधून मोजता येतं, पण वाऱ्यात पान स्थिर राहत नाही. त्यापेक्षा सावली बरी. पुठ्ठ्यावर आलेखाचा कागद चिकटवायचा, सूर्याकडे तोंड करून पानामागे धरायचा, पडलेली सावली पेन्सिलीनं उतरवायची आणि घरी बसून चौकोन मोजायचे. पान उन्हाला समोरून भिडलेलं असेल तर सावली पानाएवढी पडते. कड उन्हाकडे असेल तर नुसती रेघ.

सकाळी दोन्ही पिकांच्या सावल्या भरघोस होत्या. बारा वाजेपर्यंत सोयाबीनची सावली निम्म्याहून कमी! सोयाबीनच्या एका पानात तीन छोटी पानं म्हणजे पर्णिका असतात; बाजूच्या दोन वर उभ्या राहतात, मधली उलटून फिकट, लवदार पाठ दाखवते. धुऱ्यावरून बघितलं तर अख्खं वावर पांढुरकं दिसतं. पऱ्हाटीची पानं मात्र सकाळी पूर्वेकडे, संध्याकाळी पश्चिमेकडे, सूर्याच्या मागे मागे फिरतात.

गावात म्हणतात, सोयाबीननं मान टाकली. मला हे पटत नाही. मान टाकलेलं पान लुळं पडतं, हे ताठ असतं. पर्णिकेच्या बुडाशी बोटाला लागेल असा फुगीर सांधा असतो, त्याला पल्व्हायनस म्हणतात. त्याच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात, त्यांच्यामागे पाणी जातं, ती बाजू सैल होते. समोरची बाजू फुगते आणि पान फिरतं. यानं पानावरचा प्रकाश आणि ताप कमी होतो, पाणीही कमी उडतं. विहिरीजवळच्या ओलीत केलेल्या ओळींमध्ये पानं बरीच कमी वळली होती, हेही त्याला धरूनच आहे.

सगळ्यात आनंद दिला तो चांदीच्या कागदाच्या प्रयोगानं. काही मधल्या पर्णिकांचा फक्त सांधा झाकला, काहींचं फक्त पान. सांधा झाकलेल्या पर्णिका दुपारभर सपाट राहिल्या. पान झाकलेल्या मात्र न झाकलेल्या शेजारणींसारख्याच वळल्या. म्हणजे ऊन ओळखणारी जागा सांध्यातच आहे. कुणाकडे निळा आणि लाल जिलेटिन कागद असेल तर सांध्यावर आळीपाळीनं लावून बघा. हे वळणं मुख्यतः निळ्या प्रकाशानं होतं.

पाच वाजता सोयाबीन पुन्हा पसरतं. ओलिताचा निर्णय दुपारच्या पांढुरक्या रंगावरून घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. पहाटेही पान लुळं असेल, तर पिकाला खरोखर पाणी हवं आहे.

अंधार पडला की हीच पानं खाली झुकतात, पण त्यामागे ऊन नाही, आतलं घड्याळ आहे. 1729 मध्ये फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ द मेरान यांनी लाजाळूसारखं झाड अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. आपल्याकडे त्या प्रयोगासाठी तरोटा, म्हणजे टाकळा, आहे, रात्री तोही पानं मिटतो. धुऱ्यावरची दोन रोपं मुळासकट डब्यात लावून ठेवली आहेत. ती रुजली की पत्र्याच्या पेटीत ठेवणार, आणि बघायला टॉर्चवर हिरवा जिलेटिन कागद लावणार, कारण हिरव्या उजेडाचा त्यांच्या घड्याळावर फार कमी परिणाम होतो. पेटीतलं तापमान दर तासाला लिहायला थर्मामीटर तेवढा आणायचा आहे.